हप्ता थकला म्हणून मान खाली का?

मैत्रिणींनो, हप्त्याचा दिवस उजाडला आणि घरात पैसे नसले की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. दारावर टकटक झाली तरी छातीत धस्स होतं. घरातला पुरुष 'मी नाही म्हणून सांग' म्हणत मागच्या दाराने निघून जातो. उंबऱ्यावर उभी राहते ती बाई. बोलणी तीच खाते, हातापाया तीच पडते आणि शेजारणींच्या नजरा चुकवत नळावरही तीच जाते. कर्ज कुणीही काढलेलं असो, त्याला तोंड द्यायचं काम मात्र बाईचं!

बचत गटांच्या जोडीला मायक्रोफायनान्स कंपन्या गल्लोगल्ली आल्या. तारण नको, फक्त बायकांचा गट करा आणि पैसे घ्या. शिलाई मशीन, दोन शेळ्या, मुलीची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन... गरज काही खोटी नव्हती. पण तारण नव्हतं, हे काही खरं नाही. तारण म्हणून आपण अब्रू ठेवली होती. बाई लाजेकाजेस्तव पोटाला चिमटा काढील, पण हप्ता चुकवणार नाही, हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर वसुलीवाला अंगणात उभा राहून चार घरांना ऐकू जाईल असं बोलतो.

घेतलेले पैसे परत करायचेच असतात, त्यात वाद नाही. पण फेडणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. घाबरलेली बाई मंगळसूत्र गहाण टाकते, सावकाराचं उंबरठं झिजवते, नाही तर दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. एक दिवस सुटतो आणि पुढची दोन वर्षं अडकतात. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असं अशा वेळी सगळे ऐकवतात. अहो, पण आजारपणाने अंथरूणच फाटलं तर पाय कुठे ठेवायचे?

तेव्हा आधी आपला हक्क काय, ते नीट माहीत करून घेऊ या. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये मायक्रोफायनान्स कर्जांसाठी नियम केले. त्यानुसार सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. बँकांच्या इतर कर्जांच्या वसुलीसाठी ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही वेळ सांगितली आहे. मायक्रोफायनान्सची वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची असते. तिथे आपण लागोपाठ दोन वेळा गेलो नाही, तरच माणूस घरी येऊ शकतो. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा कामाच्या ठिकाणी त्रास देणं, चारचौघांत नाव जाहीर करणं, हे सगळं मना आहे. उशिराचा दंडही थकलेल्या रकमेवरच लागतो, सगळ्या कर्जावर नाही.

आणि 'पोलीस आणून आत टाकीन' ही धमकी? कर्जाचे हप्ते थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तर स्पष्टच सांगतं, की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. याच कायद्याच्या कलम ६० प्रमाणे घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे आवश्यक कपडे आणि धर्माच्या चालीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. कोर्टालाच जे करता येत नाही, ते वसुलीवाल्याला कुठून करता येणार? चेक न वटणं मात्र गुन्हा ठरू शकतो. म्हणून सही केलेला कोरा चेक कुणाच्याही हातात देऊ नका.

नवऱ्याच्या कर्जावर तुमची सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल, तर ते कर्ज तुमचं होत नाही. नवरा वारला असेल, तर त्याच्याकडून जेवढी मालमत्ता वारशाने मिळाली, तेवढ्यापुरतीच देणेकऱ्याची मागणी चालते. अनेक कर्जांबरोबर विमाही काढलेला असतो. दुःखात ते ध्यानात राहत नाही, म्हणून कागद काढून बघा आणि विचारा.

आता बोलायचं कसं? भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण, इथेच का गप्प बसतो? आधी घरी वही घेऊन बसा आणि नवऱ्यालाही बसवा. समजा, महिन्याला १४ हजार येतात. रेशन, लाइटबिल, शाळा, औषधं मिळून साडेदहा हजार जातात. उरले साडेतीन हजार. सगळे हप्ते मिळून होतात ६२००. म्हणजे ६२०० आपल्याच्याने होणार नाहीत, ३५०० होतील. हे देणेकऱ्यांत कसे वाटायचे ते ठरवा आणि ज्याच्या वाट्याला जेवढे येतील, तेवढेच कबूल करा. वेळ टाळायला 'सोमवारी नक्की देते' म्हणायचं आणि सोमवारी दार लावून घ्यायचं, यानेच आपला शब्द हलका होतो.

दारात वाद घालू नका. आधी ओळखपत्र मागा, मग सोबत कुणाला तरी घेऊन शाखेत जा. हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या, असा लेखी अर्ज करा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. रक्कम कमी करून तडजोड झाली, तर पैसे भरण्याआधी तसं पत्र मागा. मात्र अशा तडजोडीची नोंद राहते आणि पुढचं कर्ज मिळायला अडचण येते, हेही लक्षात असू द्या. कंपनीने तक्रारीची दाद घेतली नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कुणी अंगावर धावून आलं, तर सरळ ११२ लावा. खासगी सावकार असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांच्या कार्यालयात होते.

शेवटी, गटातल्या बायांनो, तुमच्याशीच थोडं बोलायचंय. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांवर दडपण येतं, हे खरं. पण तिच्या दारात ठिय्या देऊन बसायचं, पोरांसमोर तिला टाकून बोलायचं, हे काम कंपनी तुमच्याकडून फुकटात करून घेते. आज ती आहे, उद्या आजारपण आपल्या घरी येईल. त्यापेक्षा तिच्याबरोबर शाखेत जा. पाच जणी टेबलासमोर उभ्या राहिल्या की साहेब खुर्ची पुढे करतो. कर्ज फेडायला पैसे लागतात, वेळ लागतो. ते दोन्ही मिळवायचे तर बाईला आधी मान वर करून बोलता आलं पाहिजे.