'कळतं सगळं' म्हणणाऱ्यांसाठी

पुण्याच्या कर्वेनगरात कुठल्याही टपरीवर चहा पिताना इंग्रजीचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'मला कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही.' यातला उत्तरार्ध बहुधा खरा असतो. पूर्वार्ध मात्र कुणी कधी तपासलेलाच नसतो. बोलताना अडखळलं की चारचौघांत हसं होतं, म्हणून ती उणीव आपल्याला पाठ असते. ऐकताना जे निसटतं ते दुसऱ्याला दिसत नाही आणि आपल्यालाही नाही. मान डोलावून 'यस, यस' म्हटलं की वेळ निभावते.

'मी इंग्रजी सिनेमे बघतो की!' बघा, पण खालची अक्षरं झाकून. ती असताना आपण वाचत असतो आणि श्रेय कानाला देतो.

'त्यांचे उच्चारच विचित्र आहेत' ही तक्रार त्याहून लाडकी. रात्री अमेरिकेतल्या टीमशी कॉलवर बोलणाऱ्या इथल्या इंजिनिअरचंच घ्या. पलीकडचा 'आय कॅन सेंड इट टुडे' म्हणतो, तेव्हा त्यातला 'कॅन' जेमतेम 'क्न' एवढाच उरतो. तोच माणूस नकार देतो, तेव्हा 'कॅन्ट'मधला 'कॅन' ठसठशीत येतो आणि शेवटचा 'ट' बहुधा तोंडातल्या तोंडात राहतो. आपण शोधत असतो तो 'ट'. तो सापडला नाही की होकार समजायचा आणि न येणाऱ्या फाइलची वाट बघायची! यात विचित्र काही नाही. इंग्रजीत आघात नसलेले शब्द आक्रसतात. आपल्या कानाला मराठीमुळे सगळी अक्षरं नीट ऐकायची सवय आहे.

'हे मराठी माध्यमामुळे' असं म्हणणारेही आहेत. पण इंग्रजी माध्यमातल्या मुलीनेही वर्गात बहुतेक आपल्याकडचंच इंग्रजी ऐकलेलं असतं. 'कॅन्ट'शी गाठ पडली की ती आणि मराठी माध्यमातली, दोघी एकाच बाकावर. आणि मातृभाषेचं माध्यम म्हणजे इंग्रजीला फाटा नव्हे : कर्वेनगराला ज्यांचं नाव आहे त्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा माध्यम मातृभाषा ठेवलं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय केला. विषय म्हटला की त्याची परीक्षा आली. आपल्या लेखी पेपरात मात्र कानाला गुण नाहीत.

मग स्वतःला जोखायचं कसं? युरोप परिषदेने २००१ साली भाषाक्षमतेची चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात स्वमूल्यमापनाचा तक्ता आहे. बी-२ पातळीवर 'विषय बऱ्यापैकी ओळखीचा असेल तर लांब व्याख्यान समजतं' अशा अर्थाचं विधान आहे. मेख त्या 'ओळखीच्या'त आहे. ओळखीच्या विषयात गाळलेल्या जागा डोकं भरतं, आणि खूण आपण कानाच्या नावावर करतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या श्रवणचाचणीत साधारण ३० मिनिटांत ४० प्रश्न, ध्वनिमुद्रण एकदाच. ती परीक्षा खरीच. पण तिथे मिळणारा बँड, म्हणजे गुणांक, आपण कुठे आहोत ते सांगतो, कान कुठे फसतो ते नाही.

ते सांगायला आपल्या शाळेतलं जुनं, कंटाळवाणं श्रुतलेखन पुरेसं आहे, असं माझं ठाम मत आहे. अनोळखी विषयावरचं, लिखित संहिता उपलब्ध असलेलं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण घ्यायचं, थांबवत थांबवत शब्द न् शब्द वहीत उतरवायचा, मग संहितेशी ताडायचा. चुकलेला शब्द मुळातच माहीत नव्हता, की माहीत असून ऐकू आला नाही, हे समासात लिहायचं. पहिल्यावर उपाय वाचन. दुसऱ्यावर फक्त ऐकणं. बहुतेकांच्या समासात दुसराच प्रकार जास्त निघेल, अशी माझी पैज आहे. आणि भारतीय, ब्रिटिश, अमेरिकी इंग्रजीचे हिशेब वेगळे ठेवा. पुण्यातल्या प्राध्यापकाचं व्याख्यान समजतं म्हणून ग्लासगोचा ग्राहक समजेल असं नाही.

एक पथ्य तेवढं पाळा : संहिता आधी वाचू नका. वहीत जागा रिकाम्या राहिल्या तर राहू द्या. अंदाजाने भरू नका.