पक्षाघात : मेंदूची सिद्धता आणि वैद्यांचे कर्तव्य

पादांशिक क्रम आणि अर्धशक्ती व्यायाम या दोहोंमागे शरीरास क्रमाक्रमाने सवय लावण्याची दृष्टी आहे, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. आधुनिक संशोधनातही याच्याशी मिळताजुळता विचार आढळतो. 1990 मध्ये जपानमधील कितागावा व सहकाऱ्यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा दोन मिनिटे रोखला. एक-दोन दिवसांनी तो पाच मिनिटे रोखला असता, पूर्वी अल्प आघात सोसलेल्या मेंदूतील पेशी बऱ्याच प्रमाणात वाचल्या.

माणसाच्या मेंदूवर असा प्रयोग करता येत नाही. म्हणून रक्तदाबयंत्राच्या पट्ट्याने दंडाचा रक्तप्रवाह काही मिनिटे रोखून सोडण्याची पद्धत पुढे आली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत, पक्षाघातानंतर ही पद्धत वापरलेल्या रुग्णांपैकी 67.4 टक्के उत्तम सावरले. इतरांत हे प्रमाण 62 टक्के होते. 2023 च्या डेन्मार्कमधील चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. तेव्हा 'हे आमच्या ग्रंथांत होतेच' असे घाईने म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही. साम्य म्हणजे सिद्धता नव्हे.

या संशोधनाचा विपरीत अर्थ लावला जाण्याची भीती अधिक आहे. गंगाखेड, जिंतूर, पाथरीकडील खेड्यांत 'अंगावरून वारं गेलं' असे सांगत रुग्ण प्रथम आपल्याकडेच येतो. कित्येकदा वाकडे झालेले तोंड वा लुळा पडलेला हात अर्ध्या तासात पूर्ववत होतो आणि घरचे निश्चिंत होतात. हा अल्प आघात मेंदूस बळ देणारा नसून मोठ्या आघाताची पूर्वसूचना आहे. पुढील दोन दिवसांत धोका सर्वाधिक असतो. अशा रुग्णास तेल चोळून घरी पाठविणे म्हणजे हाती आलेली संधी दवडणे होय.

लक्षणे कायम असल्यास ती केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून घ्यावी व सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. गुठळी की रक्तस्राव, हा निर्णय नाडीवरून होत नाही. स्नेहन, स्वेदन, विरेचन यांचा विचार रुग्ण स्थिर झाल्यावर, अवस्था पाहून करावा.

मेंदूची खरी पूर्वसिद्धता आपल्या हाती आहेच : प्रत्येक प्रौढ रुग्णाचा रक्तदाब मोजणे, मधुमेह शोधणे, तंबाखू सोडविणे आणि नित्य व्यायामाचा आग्रह धरणे. वैद्यबंधू-भगिनींनी एवढे व्रत घेतले, तरी अनेक घरांतील कर्ता माणूस अंथरुणास खिळण्यापासून वाचेल, असे आम्हांस वाटते.