वह्यावाटपाच्या टेबलामागं कोण बसतं?



जून लागला की आमच्या वस्तीत वह्या येतात. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला आमची वस्ती. टेंपोतून टेबल उतरतं, टेबलावर पांढरी चादर, मागं बॅनर. बॅनरवर सात विश्वस्तांचे फोटो. पोरांची रांग उन्हात, विश्वस्त मांडवात. पोरानं वही धरायची, कॅमेऱ्याकडं बघायचं, मग साहेब वही सोडणार. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हे एकाच संस्थेचं दुखणं.

यंदा मी रातपाळी करून तसाच तिथं गेलो. आजा परळच्या गिरणीत होता, १९८२ च्या संपात घरी बसला; मी इथं प्रोसेस हाऊसला, जिगरवर. रात्रभर कापड रंगवून हात कोपरापर्यंत निळे. त्याच हातानं बॅनर दाखवून विचारलं, "सर, या सातांत आमच्या वस्तीतलं कोण?" सर चांगला माणूस, खरंच. म्हणाले, "अरे, आम्ही जात मानत नाही."

मानत नाही, तरी साती जण एकाच आळीतले कसे निघाले? न मानता इतकं नेमकं निवडता येतं, तर मानून आणखी काय करणार होते? सातांत बाई एक, तीही अध्यक्षांची बायको.

आणि वह्यांचं म्हणाल तर आमच्या पोरांना वह्या कमी नाहीत. पक्षवाले देतात, मंडळं देतात, कोऱ्या वह्या रद्दीत जातात. पोरांना पाहिजे बसायला जागा. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, टीव्ही चालू, बाप पिऊन आलेला, आणि दहावीचं पोरगं जिन्यात मोबाइलच्या उजेडात गणितं सोडवतंय. एक खोली, दोन ट्यूबलाइटी, रात्री अकरापर्यंत उघडी. एवढंच. सातांत एक जण जरी त्या जिन्यात वाढलेला असता तर पहिल्या मिटिंगमध्ये बोलला असता. त्या सातांकडं दानत होती. जिना त्यांनी बघितला नव्हता.

हे भांडण माझ्या टाळक्यातून निघालेलं नाही. १९३२ चं आहे. पुणे करार झाला आणि गांधीजींच्या प्रेरणेनं अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला, तोच पुढं हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. सुरुवातीच्या मंडळावर बाबासाहेबही होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला गोलमेजला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं: पाणवठे, शाळा, रस्ते यांच्या हक्कांसाठी लढा, नोकरीधंद्यातली दारं उघडा, आणि कामाला माणसं घ्याल ती आमच्यातली घ्या. पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनीच १९४५ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. ते बाहेर पडले. आमची माणसं मंडळावर का नाहीत, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, कर्ज त्यांचं, फेडणार ते, म्हणून मंडळही त्यांचंच. तुम्ही पाहिजे तर सल्लागार व्हा.

वा रे हिशोब! कर्ज काढणाराच वही लिहिणार, हप्ता तोच ठरवणार, आणि ज्याचं देणं आहे त्यानं दाराशी उभं राहून सल्ला द्यायचा!

आता याच्या आठ वर्षं मागं जा. १९२४, बहिष्कृत हितकारिणी सभा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत पारशी, ब्राह्मण सगळे. बाबासाहेबांनी परक्याला दार लावलं नव्हतं. पण कारभारी मंडळाचे अध्यक्ष ते स्वतः, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार जाधव. मोठ्यांची नावं लेटरहेडवर चालतील, किल्ली आपल्या माणसाच्या कंबरेला. आणि शिवतरकर चांभार समाजातले, हेही ध्यानात ठेवा. खाली लागणार आहे.

खुर्ची कशाला पाहिजे, असं विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना एखाद्या धर्मादाय हॉस्पिटलात न्या. मुंबई हायकोर्टानं २००६ ला मंजूर केलेल्या योजनेप्रमाणं तिथल्या १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्या लागतात. कायदा आहे. तरी रेशनकार्ड हातात धरून आपली म्हातारी काउंटरवरनं परत येते, "खाट खाली नाही" ऐकून. खाट खाली आहे का नाही हे विश्वस्तांच्या मिटिंगमध्ये विचारता येतं, कारण तिथं रजिस्टर टेबलावर मागवता येतं. काउंटरवर फक्त हात जोडता येतात.

म्हणून ठाण्याच्या धर्मादाय ऑफिसात जायला शिका. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, प्रत्येक नोंदलेल्या ट्रस्टचं रजिस्टर तिथं असतं. फी भरा, नक्कल काढा. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कितींचा दिलेला नसतो ते बघा. घटना वाचा, सभासदत्वाची फी बघा, पावती फाडा, सभेला जा, नाव सुचवा. मोर्चाला दोनशे पोरं मिळतात, नक्कल काढायला दोन मिळत नाहीत!

पण नुसता चेहरा बदलून भागत नाही, हेही सांगतो. २०१६ च्या जानेवारीत शनिशिंगणापूरच्या देवस्थानावर पहिल्यांदा बाई अध्यक्ष झाल्या. आणि चौथऱ्यावर बायांना बंदी ही परंपरा चालूच राहील, असं त्याच म्हणाल्या. दार उघडलं एप्रिलमध्ये, हायकोर्टाच्या आदेशानंतर. तसली खुर्ची आपल्याला मिळाली तर ती मिळाली असं समजू नका.

आता घरचं. चिडू नका.

बोधगयेच्या १९४९ च्या कायद्यात कमिटीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि वर कलेक्टर. कलेक्टर हिंदू नसला तर अध्यक्ष म्हणून हिंदू नेमायचा, ही तरतूद २०१३ पर्यंत होती. २०२५ च्या फेब्रुवारीत भिक्खू उपोषणाला बसले, आपण इथं घोषणा देऊन घसे फोडले. बरोबरच केलं. पण रात्री त्याच घशानं आपण ज्या विहारात पाणी प्यालो, त्याच्या कमिटीत किती जण? अकरा. अकराच्या अकरा बाप्ये, नऊ पन्नाशीच्या पुढचे. भिंतीला भिंत लावून मातंगांची घरं, त्यांचा एक नाही. वंदनेला बाया, झाडायला बाया, खीर बायांनी घोटायची, आणि चेकवर सही आमच्या दादांची. बिर्लांना विचारलेला प्रश्न दादांना विचारायला जीभ का जड होते?

मी विचारला. गेल्या मिटिंगला खजिनदार म्हणून शेजारच्या मावशींचं नाव सुचवलं. मावशी मातंग, कंत्राटावर झाडू मारतात. नऊ वर्षं बावीस बायांची भिशी चालवतात, एक रुपया इकडचा तिकडं नाही. दादा हसले, म्हणाले, "बाळा, बाईमाणसाला ऑडिट झेपतंय का?" दुसरे म्हणाले, "आणि त्यांच्यात अजून देव आहेत." मावशी मागं चहाचे कप धरून उभ्या होत्या, सगळं ऐकत. त्यांनी कप खाली ठेवले आणि विचारलं, "मागल्या जयंतीचा हिशोब कुठं हाय, दादा?"

कुणी बोललं नाही. विषय पुढच्या मिटिंगवर ढकललाय. त्या रविवारी माझी दिवसपाळी आहे. खाडा करणार.