आजीच्या फोटोखाली काय लिहिलंय?

मागच्या वर्षी ऑफिसच्या अंकासाठी माझ्यावर लेख झाला. छापायच्या आधी मसुदा तपासायला आला. मथळा होता, 'किनवटच्या जंगलातून थेट क्लाऊडवर'. आत मी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत होतो. आमच्या घरी ट्यूबलाइट होती, आणि किनवटला रेल्वे स्टेशनही आहे. मी तेरा दुरुस्त्या पाठवल्या. सगळ्या मान्य झाल्या.

मित्र म्हणाले, पेपरही तुझा आणि तपासणाराही तूच, मग लेखाला अर्थ काय? मला हे अजिबात पटत नाही.

राजा दीनदयाळ यांचं बघा. रूडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला इंजिनिअर. इंदूरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, पुढे सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून सनद. या माणसाने आपल्या कारकिर्दीची छोटी हकीकत स्वतःच लिहिली. बरं केलं! माणूस स्वतःबद्दल फुशारकी मारेल, पण ती वाचणाऱ्याला लगेच कळते. दुसऱ्याने आपल्या हातात दिलेला खोटा कंदील मात्र कुणालाच ओळखू येत नाही. म्हणून आपली गोष्ट तपासणं ही लबाडी नाही, हक्क आहे.

माझं भांडण वेगळं आहे. हा हक्क मिळतो कुणाला?

१८९९-१९०० च्या दुष्काळात दीनदयाळांच्या कॅमेऱ्याने औरंगाबादची उपाशी माणसंही टिपली. बरगड्या मोजता येतील अशी. आपलीच माणसं ती. तेव्हा सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, किनवटही. दरबारातल्या उमरावांच्या फोटोखाली नाव असतं, पदवी असते. दुष्काळाचे जे फोटो मी पाहिले, त्यांच्याखाली गाव आणि साल आहे. माणसाचं नाव नाही. ज्याने फोटो काढला त्याचं चरित्र उरलं. ज्यांचा काढला त्यांची फक्त हाडं उरली.

दीनदयाळांना नावं ठेवायला मी कोण? माझ्या लेखात आजीचाही फोटो होता. खाली ओळ होती, 'चुलीपुढे बसलेली अशिक्षित आजी'. तेरा दुरुस्त्यांत ही ओळ नव्हती. ती मला खटकलीच नाही. अंक घरी आला तेव्हा आजीने विचारलं, "माह्या फोटोखाली काय लिवलंय रे?" मी म्हणालो, "तुझं नाव." नाव नव्हतंच.

आता तुम्ही बोला. दंडारीचे, तांड्यावरचे, बाजारात मोहफुलं विकणाऱ्या बाईचे फोटो आपण टाकतोच ना? खाली 'भोळीभाबडी माणसं', एक हार्ट, झालं. पुढच्या वेळी टाकायच्या आधी ती ओळ त्यांना वाचून दाखवा. मराठीत, गोंडीत, गोरमाटीत, जी त्यांची भाषा असेल तिच्यात. वाचून दाखवायची लाज वाटली, तर ओळ खोटी आहे. त्यांनी नको म्हटलं, तर डिलीट करा. रील बुडाली तरी चालेल.

दिवाळीत मी आजीला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अशिक्षित? तुह्या फीचे पैशे कोन मोजून देत होतं रं?"

चौदावी दुरुस्ती मी आता पाठवली आहे. अंक केव्हाच छापून झालाय.