जुन्या वळणाचे स्वयंपाकघर

नव्या घरात गावाकडच्या वळणाचे स्वयंपाकघर करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. शहाबादी फरशी, सागवानी मांडणी, पितळी डबे हे सारे शोभते खरे. परंतु जैन गृहिणीची पहिली दृष्टी फटींकडे जावी. खडबडीत लाकडात, उघड्या सांध्यांत अन्नकण अडकतात, मुंग्या-झुरळे येतात आणि हौसेपायी जीवहिंसा घडते. म्हणून फळ्यांना रंधा मारून घ्यावा, फरशीचे सांधे पक्के भरावेत. पाणी गाळण्याचे दुपदरी वस्त्र वाळण्यास खुंटी हवीच. पश्चिमेची खिडकी मिळाल्यास सोडू नये. सूर्यास्तापूर्वीचे जेवण दिव्यावाचून उरकते. उन्हाळ्यात ती तापते, तेव्हा वाळ्याचा पडदा लावावा. चूल मांडण्याचा मोह मात्र आवरावा. सरपणातील किडे बहुधा ते पेटल्यावरच दिसतात.