बैलाला विश्रांती, मग पोरीला का नाही?



या सदरात आपण नेहमी पिकांविषयी, खतांविषयी आणि कीड-रोगांविषयी बोलतो. आज वाट थोडी बदलतो आहे. त्याला कारण एक पत्र. कामठी तालुक्यातल्या एका भगिनीने ते लिहिले आहे. त्यांची मुलगी कबड्डी खेळते, आणि पोलीस भरतीचीही तयारी करते. दोन महिन्यांपूर्वी सामन्यात तिचा घोटा मुरगळला. आजीने गरम हळद बांधली, गावातल्या जाणत्याने पाय ओढून "बसवून" दिला आणि आठव्या दिवशी पोरगी पुन्हा मैदानात उतरली. त्यानंतर दोनदा तोच पाय मुरगळला. आता शेताच्या धुऱ्यावरून चालतानाही तिला भरवसा वाटत नाही. घरातली मंडळी म्हणतात, खेळ पुरे झाला, आता स्थळ बघा. आईने मला विचारले आहे, "भाऊसाहेब, पाय खरेच कायमचा गेला का?"

बाई, पाय गेलेला नाही. पण त्याला बरे होऊ दिले गेलेले नाही, हेही तितकेच खरे.

मंडळी, आपला बैल वखराला लंगडू लागला तर आपण काय करतो? जू उतरवतो, गोठ्यात बांधतो, जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. बरा झाला तरी पहिल्या दिवशी त्याला अख्खे वावर वखरायला लावत नाही. आधी रिकामी बंडी, मग थोडे ओझे, मग औत. हे शहाणपण आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पोराच्या पायाच्या वेळी मात्र ते कुठे जाते कोण जाणे!

घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा पाऊल आत वळते आणि बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जाते किंवा फाटते. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट दोरी. ती "जागेवरून सरकत" नाही, त्यामुळे ओढून ती बसवताही येत नाही. संत्र्याच्या कलमाचे उदाहरण घ्या. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधला की आपण तो हलवून बघत नाही, आणि पट्टी सोडण्याचीही घाई करत नाही. फाटलेल्या दोरीचे धागे असेच सावकाश जुळतात. साध्या मुरगळण्याला दोन-तीन आठवडे, जास्त फाटले असेल तर सहा ते बारा आठवडे सहज लागतात. सूज उतरली म्हणजे दोरी जुळली असे समजू नये. नव्वद टक्के घोळ इथेच होतो, असे माझे आपले मत आहे. मोजणी मी केलेली नाही.

पहिल्या दोन दिवसांत करायचे ते सोपे आहे. खेळ ताबडतोब थांबवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटे धरावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये, कातडी जळते. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्यात भिजवलेले फडके चालेल. बर्फाने दुखणे कमी होते, जखम लवकर भरतेच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्यावे. बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सैल करावे. बाजेवर पडून पायाखाली दोन उशा द्याव्यात.

न करायचे ते अधिक महत्त्वाचे. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालीश नको, आणि मोहाच्या दारूने चोळणे तर मुळीच नको. त्याने आतला रक्तस्राव व सूज वाढते. आंबेहळद-तुरटीचा कोमट लेप सूज बसल्यावर लावला तर मी भांडायला येणार नाही, आजीचे मन राहील. पण बिब्ब्याला माझा सक्त विरोध आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मुरगळलेल्या पायाबरोबर जखमही सांभाळत बसावे लागते. बांबूच्या कामट्या आवळून बांधणे तर सर्वांत धोक्याचे. आत सूज वाढते, वरून बांधणी सुटत नाही, रक्त पोहोचत नाही आणि अवयव गमावण्याची पाळी येऊ शकते.

एक्स-रे कधी काढावा? कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम बसवले आणि ते पुढे जगभर वापरात आले. दुखावलेल्या पायावर लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील. किंवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या हाडाचे टोक अथवा त्याची मागची कड, तिथून वर चार बोटांपर्यंत, दाबल्यावर दुखत असेल. किंवा पावलाच्या मधल्या भागात, करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यावर वा आतल्या बाजूला, हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. पाय वाकडा दिसत असेल तर नियम आठवत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. खांदा निखळला तर तो गावात बसवू नये. दुपट्ट्याची झोळी करून हात छातीशी बांधावा आणि न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी करत नाही. विश्रांती म्हणजे महिनाभर खाटेवर पडणे नव्हे. पूर्वी तसे सांगत. आता डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांनी दुखणे सोसवेल इतपत पाय हलवू लागा. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी मुलीला एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे, कारण तीनदा मुरगळलेला पाय आहे. नागपूरच्या मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचाही विभाग आहे. डॉक्टरांनी हाड ठीक आहे म्हटले की घरी हे सुरू करावे : खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरे काढायची, दिवसातून दोन-तीनदा. धाकटी भावंडे हसतील, हसू द्या. मग जुन्या लुगड्याची पट्टी पावलाला अडकवून ती ओढत पाऊल चारी दिशांना ताणायचे. मग ओट्याच्या पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली. आणि सर्वांत गुणकारी म्हणजे दात घासताना एका पायावर उभे राहणे. आधी डोळे उघडे ठेवून, आठवड्याने मिटून. लिगामेंट फाटते तेव्हा पायाची तोल ओळखण्याची शक्तीही मंद होते. ती परत आणली नाही तर पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. या मुलीचे तेच झाले असावे असा माझा तर्क आहे.

मैदानावर परत जायचे ते तारीख बघून नव्हे. दुखऱ्या पायावर लंगडी दुसऱ्या पायाइतकीच घालता आली पाहिजे. आधी भरभर चालणे, मग सरळ धावणे, मग वळणावळणाने, मग उड्या, मग सराव आणि शेवटी सामना. एका पायरीवर पाय दुखला किंवा दुसऱ्या दिवशी सुजला तर एक पायरी मागे यावे. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचे असते. या रीतीने गेल्यास ते तिला अवघड जाऊ नये.

भरतीवरून आठवले. पहाटे कामठीकडे येताना रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे मला रोज दिसतात. कोणाला पोलिसांत जायचे असते, कोणाला फौजेत. इथे छावणी १८२१ पासून आहे आणि गार्ड्स रेजिमेंटचे केंद्रही आहे. वर्दी पोरांच्या डोळ्यांसमोरच असते. जाहिरात निघाली की सहा महिने न धावलेला पोरगा एकदम रोज आठ किलोमीटर डांबरावर धावू लागतो, तेही झिजलेल्या बुटांनी. तीन आठवड्यांत नडगी दुखू लागते. मग तो मेडिकलच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेतो आणि गोळी खाऊन धावतो. बाळांनो, दुखणे ही राखणदाराची हाक आहे; राखणदाराला झोपवून चोरी थांबत नाही. शिवाय अंगातले पाणी घामाने आटले असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात, आणि आपल्या नागपूरकडच्या उन्हात पाणी किती आटते ते मी सांगायला नको.

नडगीच्या आतल्या बाजूला वीतभर लांबीत दुखत असेल तर धावणे कमी करावे, मातीच्या वाटेने धावावे, सायकल चालवावी आणि पोटरीचे व्यायाम करावेत. दुखणे एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तो सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे साफ आहे" एवढ्यावर धावू नये, डॉक्टरांना पुन्हा विचारावे. अंतर वाढवायचे ते दर आठवड्याला फार तर दहाव्या हिश्श्याने. मुलींच्या मातांना एक वेगळे सांगणे आहे : धावणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली किंवा बंद झाली तर ती कष्टाच्या मानाने कमी जेवते आहे, अशी शंका घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. अशा मुलींची हाडे ठिसूळ होतात. ज्वारीची भाकर, वरण, चणे, भुईमूग, दूध, चालत असेल तर अंडी, हे तिच्या ताटात भावाइतकेच पडले पाहिजे. पडते का, ते आपल्या मनाला विचारा.

गुडघ्याचे प्रकरण मोठे आहे. खेळताना गुडघ्यात "कट" आवाज झाला, तासा-दोन तासांत तो फुगला आणि नंतर चालताना सटकल्यासारखा वाटू लागला, तर आतली मुख्य लिगामेंट तुटलेली असण्याचा संभव मोठा. हे गरमपट्टी घालून खेळण्याचे दुखणे नव्हे. मी स्वतः कॉलेजात असताना नेमके तेच केले होते. अंतिम सामना होता, सांगितले तर संघातून काढतील ही भीती. पट्टी आवळून खेळलो. आज बांधावरून उतरताना तो गुडघा मला रोज त्या सामन्याची आठवण करून देतो, आणि सामना आम्ही हरलो होतो हे वेगळेच.

माझ्यासारख्याचे सोडा. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र ते जाऊ शकले नाहीत, कारण गुडघ्याची दुखापत. त्या काळी दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे नव्हती. आज ती होते. हरियाणाची पैलवान विनेश फोगट हिला २०१६ मध्ये रिओच्या कुस्तीत गुडघा जायबंदी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला आणि २०१८ मध्ये जकार्ताला तिने आशियाई सुवर्ण जिंकले. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे, ज्याने २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले, तो जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघा दुखावला आणि त्याच वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. एवढ्या मोठ्या धावपटूला थांबावे लागते, तर गावच्या चषकासाठी आपण पोराला "एक सामना खेळून घे" म्हणावे काय? अशा शस्त्रक्रियेनंतर खेळायला निदान नऊ महिने तरी लागतात, आणि शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असेही नाही. मांडीचे स्नायू मजबूत करून पुष्कळांचे शेतकाम नीट चालते. निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा.

दोन गोष्टी धावत्या सांगतो. कबड्डीत डोक्याला मार लागून पोरगा क्षणभर जरी भांबावला, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा पाटीवर पाठवू नये. उलटी झाली, गुंगी आली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर रात्र काढू नये, इस्पितळात न्यावे. आणि मैदानावर खरचटले तर साबण-पाण्याने भरपूर धुवावे, माती किंवा राख लावू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि आपली मैदाने बहुधा गुरे बसण्याचीच जागा असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताची सुई मिळते.

कामठीला फुटबॉलचे वेड जुने आहे, रब्बानी क्लबसारखे संघ इथलेच. फुटबॉलवाल्यांसाठी जागतिक संघटनेने वीस मिनिटांचा अंग मोकळे करण्याचा कार्यक्रम बसवला आहे : हळू धावणे, एका पायावर तोल, बैठका, उड्या. नॉर्वेत मुलींच्या संघांनी तो नियमाने केला तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला ना पैसा लागतो ना साहित्य. कबड्डीच्या पोरींनाही तो चालेल.

बाई, मुलीला या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन आणा. दात घासताना ती किती वेळ एका पायावर उभी राहते तेही मोजा आणि दीड महिन्याने मला पुन्हा लिहा. स्थळाचे तोवर राहू द्या.