ड्रेसिंग किती दिवस चालवायचे?

त्वचेच्या कर्करोगावरचे व्याख्यान आपल्याकडे बहुधा ऑस्ट्रेलियापासून सुरू होते. पडद्यावर उन्हात रापलेला गोरा शेतकरी येतो, मग सनस्क्रीन येते आणि तिथेच प्रतिबंधाचा विषय संपतो. आपले रुग्ण त्या चित्रात नसतात. आपल्या कातडीतले मेलॅनिन उन्हापासून बऱ्यापैकी राखण करते, त्यामुळे हा आजार आपल्याकडे तुलनेने कमी आहे. पण जे रुग्ण येतात, त्यांतले पुष्कळजण उन्हाचा फारसा संबंध नसलेल्या जागी दुखणे घेऊन येतात: गुडघ्यामागच्या भाजल्याच्या व्रणावर, तळपायावर, नखाखाली. येतात ते उशिरा, आणि येतात ते कुणाच्या तरी ड्रेसिंग रूममधून. म्हणून या महिन्याचे चार शब्द त्या खोलीविषयी.

लहानपणी चुलीवरचे उकळते पाणी सांडून पाय भाजला. ग्राफ्ट झाले नाही, जखम आपली आपण आवळत भरली आणि गुडघा वाकडा राहिला. पुढे पंचवीस-तीस वर्षे त्या ताणलेल्या, पातळ कातडीला अधूनमधून भेग पडते, भरते, पुन्हा पडते. एके वर्षी ती भरतच नाही. मार्जोलिनने १८२८ मध्ये व्रणावरच्या अशा चामखिळीसारख्या क्षतांचे वर्णन केले, पण हा कर्करोग आहे हे त्यालाही उमगले नव्हते. आपल्याला उमगलेले आहे; एम.बी.बी.एस.च्या तोंडी परीक्षेत 'मार्जोलिन्स अल्सर' न सांगता कुणी सुटत नाही. तरीही प्रत्यक्षात तोच व्रण समोर येतो तेव्हा प्रतिजैविक बदलले जाते, मलम बदलले जाते, साखर तपासली जाते आणि केसपेपरवर दर भेटीला एकच शेरा पडतो: सी.एस.टी., म्हणजे तेच उपचार चालू ठेवा. यात कुणाचा आळस असतो असे नाही. जखम रोज थोडी बरी दिसते, थोडी वाईट दिसते, आणि रोज पाहणाऱ्याला तिचा कल कळत नाही.

जुन्या व्रणात कडा उचलल्यासारख्या, बाहेर वळलेल्या दिसू लागल्या, तळ फुलकोबीसारखा झाला, हात लावताच रक्त येऊ लागले किंवा वास बदलला, तर तिथे ड्रेसिंग थांबवून सुरी हाती घ्यायला हवी. नीट उपचार करूनही तीन महिन्यांत न भरलेल्या कुठल्याही जखमेची बायोप्सी व्हावी, मग ती मधुमेहाची असो, व्हेरिकोज व्हेन्सची असो वा कुष्ठरोग्याच्या बधिर तळव्यावरची. तुकडा मधल्या बुळबुळीत भागातून घेऊ नका, तिथे मेलेल्या पेशींखेरीज काही हाती लागत नाही. कडेवरून, थोडी निरोगी कातडी धरून, खोलवर आणि एकापेक्षा अधिक जागांवरून घ्या. आणि अर्जावर नुसते 'त्वचेचा तुकडा' लिहून बाटली पाठवू नका. भाजल्याला किती वर्षे झाली, व्रण कुठे आहे, तुकडा कुठल्या कडेचा आहे, हे पॅथॉलॉजिस्टला कळले नाही तर जुन्या जखमेच्या काठावरची साधी वाढ आणि सुरुवातीचा स्क्वॅमस कर्करोग यांत तोही चाचपडतो. पहिला अहवाल 'कर्करोग नाही' असा आला आणि जखम मात्र संशय घ्यावा अशीच दिसत असेल, तर जखमेवर विश्वास ठेवून बायोप्सी पुन्हा करावी.

'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही समजूत रुग्णाच्या घरात असते हे आपण जाणतो. ती अधूनमधून डॉक्टरांच्या तोंडीही ऐकू येते, आणि त्याला मात्र क्षमा नाही.

तळपायाचे दुखणे तर आणखी फसवे. काळ्या-सावळ्या कातडीत मेलॅनोमा होतो तो मुख्यतः तळव्यांवर, तळहातांवर आणि नखांखाली. तिथला काळा डाग कुरूप म्हणून कापला जातो, नखातली काळी पट्टी बुरशी म्हणून महिनोन्महिने औषध खाते. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यातला मेलॅनोमाही आधी फुटबॉलची इजा समजला गेला होता. १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. नखाची पट्टी रुंद होत असेल किंवा काळेपणा मागच्या कातडीवर उतरला असेल, तर बुरशीचे औषध लिहू नका. आणि चामखीळ असो वा तीळ, कॉटरीने जाळून कचऱ्यात टाकण्याची जी पद्धत आपल्या दवाखान्यांत सर्रास चालते, ती बंद व्हायला हवी. काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे.

कपडे आणि सवयींतून होणाऱ्या कर्करोगाकडे लक्ष वेधण्यात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. साडी-परकराच्या नाडीखालचा काळवंडलेला, जाड झालेला पट्टा आजही ओपीडीत दिसतो. नाडी सैल बांधा, जागा बदला, हे सांगायला अर्धे मिनिट लागते.

आता शस्त्रक्रियेविषयी, आणि इथे बोलणे आपल्या प्लास्टिक सर्जन मित्रांशी आहे. नाकाच्या पुनर्रचनेचा अभिमान आपल्याला असणे रास्त आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीतून उभे केले. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ती हकीकत छापली: मेणाचा साचा, कपाळावर आखलेली रेघ, जोड धरायला पानात घालतो तोच कात, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडलेला देठ. आपणही आज देठ साधारण तिसऱ्या आठवड्यात तोडतो. मात्र कावसजीचे नाक कापले गेले होते, मागे रोग काही उरला नव्हता. नाकावरच्या बेसल सेल कर्करोगात मागे काय उरले हेच पहिल्यांदा ठरवावे लागते. कडा मोकळ्या असल्याचा अहवाल येण्याआधी कपाळाचा फ्लॅप उचलणे म्हणजे चांगली कातडी रोगावर अंथरणे होय. खाली पुन्हा वाढलेली गाठ जाड फ्लॅपमधून दिसायला वेळ लागतो, आणि कपाळ काही दरवर्षी नवे मिळत नाही. मोह्‌ज पद्धतीची सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे, पण फ्रोझन सेक्शन किंवा नुसता आठवडाभर धीर बहुतेकांना परवडतो. काढलेल्या तुकड्याला बारा वाजताच्या जागी टाका घालून ठेवावा, जखम झाकावी, अहवाल पाहावा आणि मगच कलाकुसर करावी. मार्जोलिनच्या व्रणात तर निदान दोन सेंटिमीटर निरोगी कातडी धरून, खालच्या फॅशियासह कापायचे आणि लसिकाग्रंथी तपासायच्या. तो उन्हाने होणाऱ्या स्क्वॅमस कर्करोगाहून अधिक आक्रमक असतो.

सनस्क्रीनची थट्टा करण्याचा हेतू नाही. जन्मजात रंगहीन मुले, झेरोडर्मा पिग्मेंटोसम असलेली मुले आणि मूत्रपिंड बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना टोपी, पूर्ण बाह्या आणि मलम हे औषधाइतकेच लिहून द्यावे. बाकीच्यांसाठी मोठा प्रतिबंध वेगळा आहे: खोल भाजलेल्या जखमेवर वेळेत ग्राफ्ट. शीव रुग्णालयात २००० साली स्किन बँक सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजणे व कर्करोग दोन्हींचे उपचार बसतात. तालुक्याच्या डॉक्टरने तीन आठवड्यांत न भरलेले भाजणे पुढे पाठवले, तर तीस वर्षांनंतरची एक बायोप्सी कदाचित करावीच लागणार नाही.

आपल्या दवाखान्यात सध्या ड्रेसिंगला येणाऱ्यांची यादी या आठवड्यात काढा. तीन महिन्यांहून जुनी जखम असलेल्या प्रत्येकाचा तुकडा तपासायला पाठवा, किंवा पाठवू शकेल अशा डॉक्टरकडे त्याला चिठ्ठी द्या.